आंबेसाळच्या चिखलात

आषाढ वद्य १०
लिहायचं लिहायचं म्हणून आठ दिवस टाळलं. कारण काहीच नाही. पिंगळी स्टेशनावर उतरलो तेव्हापासून वही पिशवीत आणि मी पिशवी सोडून गावभर.

काम तसं सोपं. सेलूच्या दिनकरराव गुरुजींनी बजावलंय — "आंबेसाळ कसब्याची माहिती लिहून आण. घरं, विहिरी, पीक. वही पसंत पडली तर शाळेत पुन्हा नाव घालतो. पंचमीला रजिस्टर परभणीला जातं. त्यानंतर तू आणि तुझ्या बापाचं दुकान!" उर्दूत दोनदा आपटलो, म्हणून नाव कटलं. ही शेवटची संधी.

आषाढ वद्य १२
घरं मोजली. एकशे चाळिसाव्या अंगणात साळीच्या लाह्या भाजायल्या होत्या. कढईतनं उडून माझ्या टोपीत पडल्या. खात बसलो, आकडा विसरलो. उद्या पहिल्यापासून.

आषाढ अमावास्या
आज खरंच लिहितो. सगळा मुलूख ज्वारी-कापसाचा, पण इथं नदीनं असा वळसा घेतलाय की दोन टेकड्यांमधी पाणी ठरतं. म्हणून साळ. टेकडीवरनं बघितलं तर हिरवे तुकडे न् आभाळाचे तुकडे आलटून पालटून. गावाला वास भाताचा, माणसांच्या पोटऱ्यांना रंग चिखलाचा. दर घरापुढं उखळ. मुसळाच्या तालावर बायका भांडतात, आणि भांडण संपलं तरी ताल चालूच! देवळं किती ते राहिलं. वाटेत खेकडे दिसले.

श्रावण शुद्ध १
घात झाला.

मी जिच्याकडं उतरलोय त्या मल्लम्मा आत्याच्या खाचरात साळीच्या रोपांची लावणी बघत बांधावर लिहीत होतो. वारा आला, एक पान उडालं. त्याच्यामागं मी उडी मारली, गुडघाभर चिखलात. बायका एकदम गप्प. मग धुरपताबाई, लावणीची म्होरकी, म्हणाली, "आला बगा नवा गडी!"

इथली रीत — चिखलात ज्याचा पाय पडला, त्यानं शेवटची मूठ लागल्याबिगर गावाची शीव ओलांडायची न्हाई. ओलांडली तर साळ पोचट येते. मी म्हणालो, मी पाहुणा हाय. आत्या म्हणाली, "साळीला काय ठावं, बाळा, तू पाहुणा हाईस ते?"

रोपांची जुडी हातात. मी झरझर ओळ लावत पुढं निघालो. वळून बघतो तर लावलेलं सगळं माझ्याच पायाखाली आडवं.

"ओ मुनशी," धुरपताबाई, "लावणी मागं सरत करत्यात. पुढं चालायला ही काय वरात हाय?"

हसून हसून दोघी चिखलातच बसल्या. मीपण.

श्रावण शुद्ध २
कंबर! पण बेडकं काय सुरात ओरडायलेत.

श्रावण शुद्ध ३
हिशोब बसत नाही. पंचमी परवा. त्या दिवशी मातीला हात लावायचा नाही, नागाला दुखतं. म्हणजे लावणी उद्या संपली तर परवा पहाटेची गाडी गाठून गुरुजींना वही देता येईल. नाहीतर षष्ठीपर्यंत इथंच, आणि नाव गेलं. अजून तीन खाचरं आहेत. आत्याला सांगितलं. "मग हात चालव की," म्हणाली, आणि भाकरीवर तुपाचा गोळा जास्त ठेवला. दुकानात बसायचं नाही मला. मला अजून किती गावं बघायचीत!

श्रावण शुद्ध ४
न्याहारीपुरता बांधावर बसलोय. पावणेदोन खाचरं बाकी. संपत नाहीत. माझी ओळ मात्र आता सरळ, धुरपताबाईनं कबूल केलं.

शुद्ध ४, न्याहारी उरकायच्या आत
गुरुजी आलेत! स्वतः! छत्री, धोतर, बगलेत रजिस्टर. "म्हटलं, तू काही वेळेवर यायचा नाहीस, आपणच जाऊन वही बघावी." आणि घाईत बांध चुकला, दोन्ही पाय खाचरात.

बायका गप्प.

आता रजिस्टर माझ्या मांडीवर, नाव घालायचं कोरं पान वर, आणि गुरुजी जुडी घेऊन झरझर पुढं निघालेत.