फुल स्पीड आणि मलप्पाची फितुरी

१८ एप्रिल २०१६, उदगीर
नवा कॉम्प्युटर आला. असला प्रोसेसर इथल्या एकाही शूटिंगवाल्याकडं न्हाई. उदगीर जिल्हा झाला की कलेक्टरचे सगळे कार्यक्रम आपल्या श्रीमंत व्हिडिओकडंच. संकल्प: प्रत्येक काम फुल स्पीड. प्रोसेसरचा वेग कंपनीनं दिला त्याच्याही वर चढवला.

२० एप्रिल
नळाला पाणी न्हाई, अर्धा दिवस लाईट न्हाई. इन्व्हर्टरनं जेवणाच्या आतच मान टाकली. माझ्याकडं एडिटिंग करणारा मलप्पा म्हणाला, मालक, स्पीड थोडी उतरवा. वाढीव स्पीड थोडीच, पर करंट लई खायलंय. काम उशिरा होईल, पर बॅटरी पुरंल. म्हटलं, मग बैलगाडीच घेतली असती. लोकांना प्रगती बघवत न्हाई.

२३ एप्रिल
पंचशीला आली. तिच्या लग्नाचं शूटिंग माझंच. वडील, व्यंकटराव गुरुजी, नुकतेच वारले. म्हणाली, बोलते-हसते बाबा आता तुमच्या शूटिंगमध्येच उरलेत, एक तारखेला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, तेवढे पडद्यावर दाखवा. शब्द दिला.
मलप्पानं पुन्हा स्पीडचा विषय काढला. मी जरा बोललो. गेला तो आलाच न्हाई. एवढी वर्षं माझं मीठ खाल्लं.

२७ एप्रिल, दुपार
फिल्म तयार होत आली अन् लाईट गेली. मागोमाग इन्व्हर्टर. परत पहिल्यापासून. चूक बॅटरीवाल्याची.
बायको म्हणते, मलप्पाला बोलवा. त्यानं बसस्टँडमागं जुन्या लॅपटॉपवर स्वतःचं दुकान टाकलंय म्हणे. गद्दार. त्याचं नाव काढू नको म्हणून सांगितलं.

३० एप्रिल
कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायला लागला. समोर टेबलफॅन लावला. त्यानं इन्व्हर्टर आणखी लवकर बसला. मशीननंही दगा दिला. पण स्पीड उतरवणार न्हाई, तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या पंचशीलाला सांगतो, लग्नाचं मेमरी कार्डच खराब निघालं.

१ मे, संध्याकाळ
खोटं पाठ करत पुण्यानुमोदनाला गेलो. बघतो तर पडद्यावर गुरुजी. जावयाचा फेटा सारखा करत होते, मग कॅमेऱ्याकडं बघून लाजले. पंचशीला पदर तोंडाला लावून बसलेली. शेवटी नाव आलं: श्रीमंत व्हिडिओ.
तिनं हात जोडले. दादा, लई उपकार झाले म्हणाली. मी म्हणालो, कर्तव्यच आहे.
मागं मलप्पा वायर गुंडाळत होता. नागुबाईनं, म्हणजे माझ्याच बायकोनं, कार्ड त्याला नेऊन दिलं होतं. घरातूनच फितुरी. तरी मन मोठं केलं. म्हटलं, माफ केलं, उद्यापासून ये. तो म्हणाला, मालक, तुमचं नाव टाकलं ते पंचशीलाताईचा तुमच्यावर भरवसा होता म्हणून. माझं आता बरं चाललंय. वायर पिशवीत टाकून निघून गेला.

२ मे
दुकान उघडलं. कुणी बघत नव्हतं. स्पीड उतरवली. लाईट गेली, पण इन्व्हर्टर दुपारभर टिकला. कॉम्प्युटर थंडगार.
काम काहीच नव्हतं.