रजईखालच्या थाळ्या

तीर्थरूप बाबांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आता जिना चढू देतात, हे ऐकून बरे वाटले (आपल्या मुलीनेच सांगितले होते, तेव्हा ती माझ्याशी बोलत होती). सासूबाईंच्या खोकल्याला उतार पडला असेलच. मीही ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे.

ती आपल्याकडे का आली, हे तिने तिच्या परीने सांगितले असेल. माझी बाजू मातीपासून सुरू होते. चिमूटभर मातीत जिवाणू किती, हे मोजायची नोकरी मी करतो, हे आपण मुलगी देण्यापूर्वी दोनदा विचारून घेतले होते. जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. काचेच्या झाकणबंद थाळीतल्या खाद्यावर वाढला की त्याचा ठिपका होतो, आणि आम्ही ठिपके मोजतो. उतावळे दुसऱ्याच दिवशी उगवतात. आळशी दोन आठवडे हूं की चूं करत नाहीत. आमचे साहेब तिसऱ्या दिवशी मोजून थाळ्या फेकतात, म्हणजे आळशी बिचारे जिवंतपणीच मेल्यात जमा. यावर मी एक गणित बसवले: ठिपके कोणत्या वेगाने उगवताहेत त्यावरून अजून किती यायचे आहेत, ते आधीच सांगता येते. पण ते पडताळायला एकदा तरी आळशांची वाट पाहणे भाग होते, तीही एकसारख्या उबेत.

साहेब सुट्टीला जाताना मेन स्विच बंद करून जातात (वीज वाचवतात, रागावताही येत नाही). उबेचे कपाट गार पडले की सगळे मुसळ केरात. म्हणून मी थाळ्या घरी आणल्या. घरात रात्रभर एकसारखी ऊब फक्त आमच्या रजईखाली असते, हे थर्मामीटर लावून पाहिले. थाळ्या मध्ये, आम्ही दोघे कडेला. कूस बदलायची नाही, एवढीच अट. पहिल्या रात्री ती कडेला आखडून झोपली. दुसऱ्या रात्री म्हणाली, "एक तर हे राहतील इथे, नाही तर मी." मी म्हणालो, यांचे पंधरा दिवसांत आटपेल. उत्तर चुकले, हे तिची बॅग भरून झाल्यावर लक्षात आले.

दारात तिची चप्पल नाही, हे मला रोज संध्याकाळी नव्याने कळते. वाईट वाटते, बाबा.

आपला अजूनपर्यंतचा जावई

ता. क. विनंती राहिलीच. ती कधी परतेल, याचेही गणित मांडायला बसलो. पण तिचे रुसणे मी एकदाच पाहिलेले, आणि एका ठिपक्यावरून रेघ ओढता येत नाही. लहानपणापासून ती कशाकशावर रुसली आणि किती दिवसांनी बोलली, हे आपल्याला व सासूबाईंना आठवेल तितके कळवावे. घाई नाही, पण लवकर कळवावे.

ता. क. २. थाळ्या मी फेकून दिल्या, असे तिला सांगावे.

ता. क. ३. रजई तीच घेऊन गेल्यामुळे थाळ्या ती गेली त्याच रात्री गारठल्या होत्या, हे सांगू नये. वाट मात्र आता तिचीच पाहतो आहे, हे खरे आहे.