बाबांच्या खुर्चीखाली

अरे,
कुत्र्याचं पिल्लू आत आणण्याआधी हे वाच. मी ड्युटीवर निघाले, छकुली शेजारच्या मावशींकडे आहे.

पिल्लाला काय काय सापडेल ते बघावं म्हणून आज छकुलीच्या मागोमाग मीही घरभर रांगले. वायरी वर बांधल्या, फिनेल माळ्यावर टाकलं. आणि बाबांच्या खुर्चीखाली त्यांच्या बीपीच्या नऊ गोळ्या! एक तर छकुली तोंडात घालणारच होती.

आपल्यादेखत गोळी तोंडात टाकून पाणी पितात, मग ती खुर्चीखाली जाते कशी? हे काही मला उमगलं नाही. का जाते, ते मात्र कळलं. “आणखी एकाचं कोण करणार?” असं ते पिल्लू आणायचं ऐकून म्हणाले, तेव्हा तू “तुमचं करतोच ना!” म्हणालास. त्याला आज बरोब्बर नऊ दिवस झाले.

पिल्लू आधी त्यांच्या मांडीवर दे. मग बोल.