जसजशी गाडी नवी झाली

१२ मे, सोमवार
आले एकदाची! ॲरिझोनाहून तीन दिवस गाडी हाकत, कंबरेचा भुगा करून मिशिगनमधल्या पॉन्टियाक गावी पोहोचले. डॅडींचं घर फेब्रुवारीपासून बंद होतं, आता माझं झालं. शेजारच्या डेल्मरकाकांनी अंगणातलं गवत कापून ठेवलं होतं आणि पायरीवर बीन्सचं पातेलं नि मक्याचा ब्रेड घेऊन बसले होते. काका कारखान्यात सव्वीस वर्षं डॅडींच्या शेजारी उभे राहिले. डॅडी गाड्यांची दारं बसवायचे, काका बिजागऱ्या आवळायचे. मला पाहून म्हणाले, ट्विला, चांगली भरलीस की, वाळवंटात वाळून काडी झाली असशील असं वाटलं होतं. म्हटलं, काका, तुमचे डोळे अजून शाबूत आहेत म्हणायचे.

गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ती उभी आहे. डॅडींची एकोणसत्तर सालची हिरवी जीटीओ गाडी. डॅडींनी आपल्याच कारखान्यातून निघालेली घेतली आणि मरेपर्यंत विकली नाही. सीट फाटलेली, वर काळी चिकटपट्टी. दार उघडलं तर पेपरमिंट आणि तंबाखूचा वास आला, म्हणजे डॅडीच आले. आत बसून पोटभर रडले.

मी चार वर्षं फोनवर पुढच्या उन्हाळ्यात येते, असं म्हणत राहिले. दफनाच्या दिवशी बर्फामुळे विमानंच बंद होती, तेही चुकलं. आता ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघेल, तिच्यात ही गाडी कोरी करकरीत करून नेणार. काचेवर पाटी लावायची, हॉबर्ट स्टॅम्पर यांच्या आठवणीत. जिवंतपणी काही दिलं नाही, एवढं तरी देते.

२० मे
काकांचं मत निराळं. इंजिन चालू कर, पुसून घे, बस्स. मूळची गाडी एकदाच असते पोरी, पुढे उरते ती नक्कल. मी म्हटलं, तुम्ही नाही का दात नवे बसवले? त्यांनी कवळी काढून हातात धरली आणि बोबडं बोलले की म्हणूनच सांगतोय, हिला कशाची चव लागत नाही.

हसले, पण ऐकलं नाही. हट्टाच्या बाबतीत मी बापाचीच लेक. जुन्या सीट आज भंगाराच्या ट्रकमध्ये गेल्या.

७ जून
नव्या सीट बसल्या. काळ्या, तुकतुकीत, चपलांच्या दुकानासारखा वास. काकासुद्धा खूश, आता म्हणतात सगळंच बदलू.

गिअरच्या मुठीवर हात ठेवून बराच वेळ बसले होते. डॅडींचं मधलं बोट अर्धंच होतं. केंटकीत लहानपणी गोठ्याच्या दारात चिरडलेलं. मुठीवरचा रंग बाकीच्या बोटांखाली उडालाय आणि त्या एका जागी तसाच आहे. नवी मूठ मागवलीय.

एक विचित्र झालं. जेवताना डॅडींच्या वासाची आठवण काढायला गेले आणि तो येईचना. ही वही चाळली. मीच लिहिलंय, पेपरमिंट आणि तंबाखू. दुकानातून दोन्ही आणून हुंगलं. पेपरमिंट पेपरमिंटसारखं, तंबाखू तंबाखूसारखा. त्यात माणूस नव्हता. वय झालं माझं, दुसरं काय.

२१ जून
नवी मूठ परवा बसली. आज वही वाचताना अर्ध्या बोटाचं दिसलं. अक्षर माझं, पण मला ते बोट आठवत नाही. डोळ्यांपुढे हात आणते तर पाचही बोटं धड आहेत.

काकांना विचारलं. ते म्हणाले, हॉबर्टचं बोट? दहाही होती की! सव्वीस वर्षं त्याच्या हातातून दार घेतलंय, मला नाही कळणार? वही दाखवली. ते हसले, म्हणाले, झोपेत लिहिलं असशील.

म्हणजे मी एकटी नाही विसरले. माझंच डोकं बिघडलं असतं तर परवडलं असतं.

२९ जून
डॉक्टरांकडे जाऊन आले. शंभरपासून उलटं मोजायला लावलं, घड्याळ काढायला लावलं. सगळं ठीक. म्हणाले, दुःखात असं होतं.

दुःखात माणूस आठवत राहतो, विसरत नाही. मी तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते.

भंगारवाल्याकडेही गेले. सीट परत हव्यात म्हटलं. तो म्हणाला, बाई, त्यांचा कधीच चपटा चौकोन होऊन गेला.

५ जुलै
आतला आरसा गेला. मी सुट्टीचा दिवस म्हणून तळ्यावर होते, काकांनी मला खूश करायला नवा बसवला. जुना फोडून टाकला.

मागच्या सीटवरून त्या आरशात डॅडींचे डोळे दिसायचे. हेही सकाळी इथे समासात लिहून ठेवलं होतं म्हणून कळतं. कोणते डोळे? निळे? तपकिरी? लिहायचं राहिलं. एवढंसं लिहायचं राहिलं.

भिंतीतल्या शेकोटीच्या फळीवरच्या फोटोत गाडीशेजारी एक माणूस उभा आहे. उंच. टोपी घातलेली. फोटोमागे नाव आहे, म्हणून तेच ते.

नाव नसतं तर ओळखलं नसतं. माझ्या बापाला मी ओळखलं नसतं.

१४ जुलै
आता समजलंय. त्या माणसाचं जे काही होतं ते गाडीत होतं. घासलं गेलेलं, फाटलेलं, वास मारणारं. मी ते एकेक करून फेकलं. स्वतःच्या हातांनी. प्रेमाने.

काकांना सगळं सांगितलं, पाया पडायचीच बाकी राहिले. थांबवा, पुरे, गाडी आहे तशी राहू द्या. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, अर्धवट काम मी जन्मात टाकलं नाही. मग सहज विचारलं, अगं, ही गाडी आधी होती तरी कोणाची?

१५ जुलै
गॅरेजला नवं कुलूप लावलं.

२३ जुलै
त्यांचा आवाजही गेला. गाडीच्या रेडिओची जुनी जाळी मी कुलूप लावण्याआधीच भंगारात टाकली होती, आज ट्रक घेऊन गेला. फोनमध्ये त्यांचे तीन निरोप जपलेले. ऐकले. कोणीतरी म्हातारा पुढच्या उन्हाळ्यात नक्की ये म्हणतोय. फार गोड बोलतो बिचारा.

कोणाला बोलावतोय तो?

२ ऑगस्ट
वही रोज पहिल्यापासून वाचते. हॉबर्ट स्टॅम्पर. माझे वडील. दारं बसवायचे. हे पाठ करते. पण ते शाळेतल्या धड्यासारखं झालंय, त्यात माझं कोणी नाही.

गाडीत आता त्यांच्या हाताची अशी एकच जुनी वस्तू राहिलीय. स्टिअरिंगचं चाक. वरच्या डाव्या बाजूला झिजून खोलगट झालंय. तिथे बोट ठेवलं की एक दिवस आठवतो. पूर्ण. उन्हासकट. एवढा एकच उरलाय. तो जाऊ देणार नाही. मिरवणूक गेली खड्ड्यात.

९ ऑगस्ट
सकाळ. गॅरेजमधून पान्याचा आवाज.

कुलूप तोडलंय. काका आत आहेत, नवं चाक आणलंय, लाल फीत बांधून. भेट म्हणून. देवा.

खिडकीतून ओरडले. त्यांनी हात हलवला. कारखान्याच्या आवाजाने लांबचं ऐकू येत नाही त्यांना. पुन्हा वाकले.

धावू? धावले आणि मधेच चाक निघालं तर अंगणात उभी राहीन आणि का धावले ते कळणार नाही. आधी लिहिते. लिहिलेलं राहील.

मी सहा वर्षांची. रविवार. कारखान्यामागचं रिकामं मैदान, ऊन. डॅडींनी मांडीवर घेतलं. माझे हात चाकावर, त्यांचे माझ्या हातांवर. गरम, खरखरीत. गाडी हलली आणि मी रडायला लागले. ते हसले नाहीत. कानाशी वाकून म्हणाले, घाबरू नकोस राणी, मी धरलंय ना, मी काही सोडणार ना—