पलीकडची काठी

सोमवार, संध्याकाळ

सकाळी माझ्या वडिलांची, आबांची मेंढरं राखायची काठी घेऊन शाळेजवळच्या चौकात उभा राहिलो. देवळात निघालेल्या माझ्या बायकोला, सुमनला टिप्परने उडवलं तिथंच. काठी आडवी धरून पोरींना रस्ता ओलांडू देत होतो.

पानवाला टपरीतून ओरडला, "काय मामा, मेंढरं कुठं हायत?"

मीही हसलो. काय करणार?

पण एका बाजूची वाहनं थांबवली, की दुसरीकडून मोटारसायकली सुटतच होत्या. एक पोरगी थोडक्यात वाचली.

आबा कळप एकट्याने कधीच रस्त्यापार नेत नसत. पलीकडे आई तिची काठी घेऊन उभी असायची. हे मला सुचलं नाही, की कुणाला 'चल' म्हणायचा संकोच वाटला? सुमन गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. सवयच मोडली.

आज आरतीनंतर देवळात उभा राहिलो. सगळ्यांसमोर विचारलं, "उद्या सकाळी चौकात पलीकडच्या बाजूला कोण उभं राहील?"

सगळे प्रसाद घेऊन पांगले.

घरून नेलेली आईची काठी, कुणीतरी उचलेल म्हणून, देवळाच्या दाराशी ठेवून आलो.