कापऱ्या रेघेचे ठसे

अप्पा, आज मी एक ठसा नापास केला, कारण त्याची रेघ अगदी सरळ आली होती. तुम्हाला वाटेल, पोरीचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर आहे, धंदाच आता असा झालाय. आणि त्याची मला इतकी किळस आली आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

तारापूरच्या ओटीवर तुम्ही खिडकीशी बसायचात. पुढ्यात पोलादाचा ठोकळा, हातात छिन्नी. ठोकळ्यात वेलबुट्टी खोदायची, की झाला ठसा; मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकणार आणि तीच वेल बांगडीवर उठणार. इथे रेघ हलली की तिकडे प्रत्येक बांगडी वाकडी. मी शिकायला बसले तेव्हा शेजारपाजारचे हसले होते. तुम्ही तुमचं भिंग माझ्या हातात दिलंत. माझी पहिली पाकळी कणभर जाड झाली, तर ठोकळा काढून घेतलात आणि आठवडाभर नुसत्या सरळ रेघा मारायला लावल्यात. मी रडकुंडीला आले होते, पण त्या रेघा मला आल्या.

मग तुमचा हात कापायला लागला. मुंबईच्या ज्या सोनाराने वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाचा ठसा घेतला नाही, त्यानेच तीन ठसे वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवले. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. तुम्ही ते उजेडात धरून खूप वेळ पाहता, मग स्वयंपाकघरात येता. मी तव्यावर सुकट भाजते आहे. "हे घासून सपाट कर," तुम्ही म्हणता. "माजा हात असा झालेला, हे कुनाला दिसता कामा नाय." मी हो म्हणाले. दोन दिवसांनी तुम्ही विचारलंत, "झालं?" मी म्हणाले, झालं. पुढे तुम्ही छिन्नीला हात लावला नाहीत, आणि पावसाळ्याच्या आत गेलात.

आता बोईसरला आपला गाळा आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन पोलाद कोरतं. त्या मशीनबद्दल माझी तक्रार नाही, ते प्रामाणिक आहे. पण सगळ्यांचंच मशीन तशीच सरळ रेघ कोरायला लागलं आणि आपल्या ऑर्डरी आटल्या. गाळा बंद करायची वेळ आली, तेव्हा मी वेबसाइट करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, लोकांना आता हाताचं काम हवंय, जुनं काही आहे का? मी कपाट उघडलं. तुमच्या तिन्ही ठशांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि हरखून म्हणाल्या, ही थरथर कुठल्याही मशीनला जमणार नाही. त्याच आठवड्यात आम्ही ते ठसे स्कॅन केले आणि मशीनकडून ती जमवून घेतली.

तेव्हापासून तुमचं दुखणं आम्ही मोरावर चढवतो, कमळावर चढवतो, मागाल त्या नक्षीवर. वेबसाइटवर तुमचा फोटो आहे, खाली 'हाताची ऊब'. राजकोटपासून कोईमतूरपर्यंतचे सोनार फोनवर नक्षी निवडतात. एका बाईने लिहिलं, बांगडी घातली की म्हाताऱ्या कारागिराचा हात जाणवतो. मी फोन पालथा ठेवला. मग मी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आज नापास केलेला ठसा ऑपरेटरने परत आणून दाखवला. बिहारचा आहे, कामाला चोख. "मॅडम, ये तो एकदम सही है." मी म्हणाले, रेघ कापायला हवी. त्याने जरा विचार केला. "बीमार आदमी के हाथ जैसी?"

मी हो म्हणाले, अप्पा. दुसऱ्यांदा हो म्हणाले.

तो गेल्यावर ते तीन ठसे मी ग्राइंडरपाशी नेले. पण ते घासून आता काय होणार? कॉम्प्युटरमधली फाइल पुसली तरच तुमचा हात झाकला जाईल, आणि ती पुसली तर गाळ्याला कुलूप. मी ठसे परत कपाटात ठेवले. हा कागदही त्यांच्याच खाली ठेवते, नाहीतरी तो जाणार कुठे.

एकच राहिलं. मुलीने वडिलांची शेवटची आठवण जिवापाड जपली, असं वेबसाइटवर लिहिलंय. मीच लिहून दिलं. खरं म्हणजे तुम्ही घासायला सांगितलंत त्या दिवशी ग्राइंडरला दुसरा दगड लावलेला होता, आणि तो बदलायचा मला कंटाळा आला होता.