सात नंबरच्या बुरशीचं पाणी

मी गाठ काढायला दवाखान्यात गेले आणि इकडे सख्ख्या भावाने माझ्या पलंगाचं माप घेतलं. टेपही समोरच्या शिंपीणबाईची. तिला म्हणाला, “ताई काही आता उठत नाही.” तर लिहून ठेवते, गाठ साधी निघाली, मी उठले, आणि पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. चौथी शिकलेय, चुका पोटात घाला.

एक. खोली आणि आतलं सगळं भाचीला. पलंगसुद्धा. भावाला एक टेप विकत घेऊन द्यावी.

दोन. बाटल्या घासायचे ब्रश माझ्या जागी येईल तिला. अरुंद तोंडाला वाकडा ब्रश, हे तिला सांगा. एकवीस वर्षं प्रयोगशाळेतली काच धुतली, एक फोडली नाही.

तीन. मोठ्या बाईंसाठी. बाई समुद्रातल्या बुरशीत औषध शोधतात. सडक्या लाकडावरची सात नंबरची बुरशी, तिचं पाणी मागच्या वर्षी पिवळंधमक झालं. कशालाच दाद न देणारे जंतू त्याच्या थेंबाने मेले. सगळ्या नाचल्या. पुढे दहा महिने तीच बुरशी, तेच खाद्य, पण पाणी पांढरं. बाईंनी ऊब बदलली, उजेड बदलला, मग हाताखालच्या धाकट्या बाईंना धरलं.

“तेव्हा काय मिसळलं होतंस?”

“वहीत आहे तेच, मॅडम. शपथ!”

महिनाअखेर धाकट्या बाईंना कामावरून काढणार, असं कानावर आलं.

वही बरोबर आहे. चूक माझी. खाद्यासाठी पाणी मी भरते. शुद्धच भरायचं, मीठ तपासणीत आडवं येतं, हा बाईंचा नियम. मागच्या वर्षी त्या खेपेला पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद होतं आणि बाई म्हणाल्या, “मावशी, दहाच्या आत बाटल्या भरा. कारणं नकोत.” कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याचं पिंप होतं. गाळून तेच भरलं. म्हटलं, समुद्रातलीच आहे, तिला काय फरक पडतो? पडला.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. मेल्यावर कळेल, असं ठरवलं होतं. पण मरण लांबलं, आणि तोवर धाकट्या बाईंनी माझं भोगायचं हे बरं नाही. म्हणून नक्कल आजच बाईंच्या टेबलावर ठेवते. गाठीपेक्षा हेच जड होतं. आता हलकं वाटतंय.

साक्षीदार : शिंपीणबाई (सही), प्रयोगशाळेचा वॉचमन (सही)
लिहिणार : बाटल्यावाली मावशी (सही)
ठिकाण : माझी खोली, पलंगावर बसून
दिनांक : बारा, सोमवार

ता. क. बाई, समुद्राचं पाणी घालून बघा. पिवळं व्हायला दोन आठवडे लागतात, तेवढी मी थांबेन. पण धाकट्या बाई राहणार का, आणि मी कामावर यायचं का, ते शुक्रवारी पाचच्या आत सांगा. कारणं नकोत.